मागची सीट नसलेली गाडी

तायडेभाऊंच्या अंगणात ती गाडी अजून उभी आहे. गेल्या पावसाळ्यात भाऊ गेले, त्यानंतर तिला पाहायला तीन-चार जण येऊन गेले. प्रत्येक जण आधी लांबलचक बॉनेटवरून हात फिरवतो, मग वाकून आत बघतो आणि विचारतो, की एक सीट जमिनीला टेकलेली आणि दुसरी वीतभर उंच, हे कोणी केलं आणि कशासाठी? वहिनी पदराला हात पुसत ओसरीत उभ्या असतात. त्या माझ्याकडे बघतात आणि मी दुसरीकडे बघतो. कारण सांगायचं तर आख्खा माणूस सांगावा लागतो, आणि गाडी बघायला आलेल्यांना तेवढी सवड नसते.

मधुकर तायडे आमच्या मेहकरच्या ऑफिसात मोजणीदार होते. मी तिथंच कारकून. ते जमिनी मोजून यायचे आणि मी त्यांच्या कागदांवर आवक क्रमांक घालायचो, सुरुवातीला आमचं नातं एवढंच होतं. जीपमध्ये पुढे साहेब बसत. मागच्या आडव्या बाकांवर मोजणीचं टेबल, साखळी, झेंड्या, दोन शिपाई आणि तायडेभाऊ. ही मांडणी तीस वर्षं बदलली नाही. साहेब बदलले, जीप बदलली, भाऊ मागेच राहिले. संध्याकाळी परत आले की ते जीपमधून उतरत नसत, एकेक घडी उलगडत. मग कमरेवर हात ठेवून ऑफिसच्या पायरीवर बसत आणि म्हणत, "झालं, गजाभाऊ. आज सख्ख्या भावाइले धुरा दाखवून आलो." धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. त्या एका वाक्यात त्यांचा दिवस संपायचा.

मोजणीला गेल्यावर पक्षकाराच्या घरचा चहा ते घेत नसत. स्वतःच्या थर्मासमध्ये घरून चहा न्यायचे. भावाभावांचं भांडण फार पेटलं तर टेबल बाजूला ठेवून दोन्ही भावांना एकाच झाकणातून तो चहा पाजायचे, आधी थोरल्याला, मग धाकट्याला. त्यानं भांडण मिटायचं नाही, पण चहा पिईपर्यंत दोघं गप्प राहत. तेवढ्यात भाऊ खुणेचा दगड रोवून घेत.

पावलं मोजायची त्यांना खोडच होती. ऑफिसपासून घर किती पावलं, घरापासून बसस्टँड किती, भाजीबाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती, सगळं पाठ. बोलता बोलता मध्येच गप्प झाले तर समजावं, की आकडा चालू आहे. आम्ही मुद्दाम मध्ये काहीतरी विचारून आकडा चुकवायचो. ते रागावत नसत. मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून चालत येत.

आणि नाही म्हणणं त्यांना जमत नसे. ही त्यांच्यातली सगळ्यात मोठी गोम. मोजणीदाराला रोज कोणाला ना कोणाला तोंडावर सांगावं लागतं, की ही जमीन तुझी नाही. तिथं ते अजिबात कचरत नसत. कोणी अंगावर धावून आलं तरी दगड जिथं रोवायचा तिथंच रोवत. बहुतेक सगळे नकार शेतावरच संपत असावेत. घरी आणि रस्त्यावर त्यांच्याजवळ एकही शिल्लक नसायचा. मोटरसायकलवरून जाताना कोणी हात दाखवला, की गाडी उभी. "बसून जा," एवढंच म्हणायचे. कुठं जायचंय, हे नंतर विचारायचे.

ही गाडी त्यांना भेटली ती खामगावला. तिथल्या एका जुन्या जिनिंगच्या आवाराची मोजणी निघाली होती. मालक वारून बरीच वर्षं झालेली, वारसांना वाटण्या हव्या होत्या. तिकडचे मोजणीदार आजारी, म्हणून भाऊंना पाठवलं आणि कागद सांभाळायला मला. आवाराच्या मधोमध एक पत्र्याचं शेड होतं. साखळी त्यातूनच न्यावी लागणार होती. भाऊ आत शिरले. कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी होतं, वर सरकीची धूळ आणि कापसाचा भुगा बोटभर साचलेला. साखळीच्या आड येतं म्हणून त्यांनी ताडपत्रीचं टोक उचललं आणि ते तसंच हातात धरून उभे राहिले.

दोन दारं, तारांच्या आऱ्यांची चाकं, बुटकी बैठक, वरचा कापडी टप कुजून गेलेला. आवाराचा म्हातारा चौकीदार म्हणाला, की शेटजींनी तरुणपणी हौसेनं विलायतेहून मागवलेली. रविवारची गाडी होती. सहा दिवस कापूस बघायचे आणि सातव्या दिवशी टप उघडून शेगावच्या रस्त्यानं वारं खाऊन यायचे. भाऊंनी गाडीभोवती एक फेरी मारली, अर्थात पावलं मोजत. मग आत डोकावले.

"मांगची सीट कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

"नव्हतीच साहेब. दोनच माणसाइची आहे हे."

भाऊंनी साखळी जमिनीवर ठेवली. मोजणी चालू असताना त्यांनी साखळी हातातून खाली ठेवलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

पण मोजणी चालू असताना पक्षकाराच्या चहालाही न शिवणारा माणूस, त्याच्या गाडीविषयी कसा बोलणार? भाऊ बोलले नाहीत. नकाशे झाले, वाटण्या झाल्या, हरकतींची मुदत संपली, वर वर्ष उलटून गेलं. मग एका रविवारी ते एसटीनं खामगावला गेले आणि वारसांना भेटले. वारसांना शेड पाडायचंच होतं. आपण नेता तर लवकर न्या, असं ते म्हणाले. नोकरीत होते, तेव्हा ऑफिसला कळवणं भाग होतं. अर्जात वाहन घेण्याचं प्रयोजन लिहायचं असतं. तिथं भाऊंनी एकच शब्द लिहिला, "रविवार". साहेबांनी तो अर्ज सगळ्यांना वाचून दाखवला. आठवडाभर ऑफिस हसत होतं. मीही हसलो.

ट्रॅक्टरमागे बांधून गाडी मेहकरला आली आणि रफिकमिस्त्रीच्या आवारात आठ महिने पडली. रफिक ट्रॅक्टर आणि थ्रेशर दुरुस्त करणारा. या गाडीचे सुटे भाग मिळण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून जे लागेल ते त्यानं हातानं घडवलं. तो म्हणायचा, "भाऊ, हे चालते कमी अन् रुसते जास्त." पण शेवटी चालली. घशात काहीतरी अडकलेल्या म्हाताऱ्यासारखा आवाज करायची, आणि तो आवाज बसस्टँडपासून ऐकू यायचा.

त्या आठ महिन्यांत मी एकदा त्यांना विचारलं होतं. घ्यायचीच होती तर चार माणसांची चांगली गाडी घ्यायची, नातवंडं बसली असती. हे कुठलं दोन सीटांचं खूळ? आम्ही रफिकच्या आवारात उलट्या टायरवर बसलो होतो. भाऊ समोरच्या गाडीच्या दाराकडे बघत राहिले. मला वाटलं, आकडा चालू आहे.

"गजाभाऊ, लग्नाले तीस वर्षं झाली," ते म्हणाले. "कमल माह्या बाजूले एकदाही बसली नाही. एसटीत बायाइच्या सीटवर. मोटरसायकलवर मांगं, मधात दोन पोट्टे. लग्नाले जा, मयतीले जा, जीपमधी बाया मांगं अन् मी पुढं. आता पोरानं गाडी घेतली, त्याच्यातही मी पुढं अन् थे मांगं. याले मांगची सीटच नाही. आता थे कुठं जाईन?"

मग त्यांनी बेत सांगितला. लोणारला जायचं. मेहकरहून लोणार ते किती, सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला माणूस परत घरी. भाऊंनी त्या सरोवराच्या आसपासची कितीतरी शेतं मोजली होती, काठावर बसून डबे खाल्ले होते आणि घरी येऊन वहिनींना त्याचं वर्णन सांगितलं होतं. वहिनींनी ते पाहिलं नव्हतं. एवढं जवळचं ठिकाण आहे, कधीही जाता येतं, म्हणूनच कधी गेल्या नव्हत्या. एकदा त्या म्हणाल्या होत्या, "तुम्ही सांगता तेवढं मोठं असन का हो ते?" मोजणीदाराच्या मोजमापावर घरातूनच संशय आला, हे भाऊंना लागलं होतं. तेव्हा एका रविवारी बायकोला शेजारी बसवायचं आणि लोणार दाखवून आणायचं, याच्यासाठी ती गाडी. बाकी वेग, रुबाब, इंजिन, यातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि जाणूनही घ्यायचं नव्हतं.

गाडी घरी आली तो रविवार मला नीट आठवतो. आम्ही ऑफिसवाले नारळ आणि लिंबू-मिरच्या घेऊन गेलो. तायडे बौद्ध, त्यांच्याकडे हे प्रकार नाहीत. पण आम्हाला नाही म्हणणार कोण? "फोडा, तुमच्या समाधानासाठी," ते म्हणाले, "खोबरं तेवढं इथं ठेवून जा, चटणीले होते." वहिनींनी जांभळं पातळ नेसलं होतं. हातात भाकरीचा डबा होता. त्या अंगणवाडीत सेविका होत्या, दिवसभर पोरांमध्ये जमिनीवर बसणाऱ्या, बोलायला मोकळ्या. पण त्या दिवशी नव्या नवरीसारख्या ओसरीच्या खांबाआड उभ्या होत्या.

तेवढ्यात भाऊंचे थोरले भाऊ, दादा, हातात पिशवी घेऊन फाटकातून आत आले. वरवट बकालहून पहाटेची एसटी धरून, एक गाडी बदलून, खास गाडी पाहायला आलेले. गावाकडची शेती तेच करत. बाप गेल्यावर मधुकरला त्यांनी शिकवलं होतं. त्यांनी गाडीभोवती चक्कर मारली, बॉनेटवर थाप दिली आणि दाराशी येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत. थोरल्या माणसानं बोलायची गरजही नसते. आमच्याकडे गाडी कोणाचीही असो, पुढची सीट घरातल्या थोरल्याची. आता अंगणात थोरला भाऊ उभा आणि बायको पुढच्या सीटवर, हे दृश्य तायडेभाऊंना कसं जमावं?

त्यांनी एकदा खांबाकडे पाहिलं. मग दार उघडलं. "दादा, बसा," ते म्हणाले.

वहिनी चहा टाकायला आत गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "दादा रोज रोज थोडेच येतात, भाऊजी. मी काय, घरचीच आहो. केव्हाही जाईन."

तिथंच चुकलं. ती सीट एकदा मानाची ठरली आणि मानाला रांग असते. दादा बसले म्हटल्यावर पुढच्या रविवारी वहिनींच्या भावाला बसवावं लागलं, नाहीतर त्यांच्या माहेरचा अपमान. मग लेकीचे सासरे आले. व्याह्याला नाही म्हणतात का? मग निवृत्त झालेले जुने साहेब फिरायला म्हणून आले. विहारात प्रवचनाला आलेल्या भंतेजींना बसस्टँडवर सोडायचं निघालं. शेजारच्या पोराची वरात निघाली, तेव्हा नवरदेव बॉनेटवर चढून बसतो की काय, अशी भीती होती. भाऊ पांढरा शर्ट, काळा चष्मा आणि उन्हात मोजणीला घालायची ती गोल टोपी घालून रविवारी सकाळी गाडी पुसायचे. कोणीतरी यायचं. "बसून जा," भाऊ म्हणायचे. वहिनी डबा परत आत न्यायच्या आणि "मी घरचीच आहो," हे वाक्य म्हणायच्या. पुढे पुढे त्यांनी ते म्हणणंही सोडलं. नुसता डबा आत जायचा.

यात एक रविवार माझा आहे. तो सांगितला नाही तर बाकीचं सांगायचा मला हक्क नाही. माझ्या मुलीसाठी चिखलीला एक स्थळ पाहायला जायचं होतं. मुलाकडचे जरा वरचढ, आणि माझं एसटीतून उतरून चुरगळलेल्या शर्टानं त्यांच्या दारात जाणं मला नको होतं. आदल्या दिवशी मी भाऊंना सहज विचारल्यासारखं विचारलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ये सकाळी." मी गेलो तेव्हा वहिनी पायरीवर बसल्या होत्या. तेच जांभळं पातळ, मांडीवर डबा. मला पाहून त्या उठल्या. मी बघितलं, मला सगळं समजलं, आणि समजलं नाही असं दाखवून मी गाडीत बसलो. चिखलीपर्यंत भाऊंनी गाडी चाळीसच्या वर नेली नाही. कधीच नेत नसत, रस्ता मोजत चालल्यासारखी चालवायचे. ते स्थळ जमलं नाही. तरी आजही मला त्या रविवारची लाज वाटते, आणि ती स्थळ न जमल्याची नाही.

भाऊ निवृत्त झाले. आता सातही दिवस रिकामे होते, पण त्यांना जायचं होतं ते रविवारीच. अर्जात तसं लिहून दिलं होतं ना, असं म्हणून ते हसायचे. त्यांचं हसणंसुद्धा दमल्यासारखं असायचं.

एकदा मात्र ती दोघं खरोखर निघाली. दादांना बरं नव्हतं, व्याही गावाला, मी लाजेनं घरात लपून बसलेलो. मला हे भाऊंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. वहिनी शेजारी बसल्या होत्या, डबा मांडीवर, केसांना रुमाल बांधलेला. सुलतानपूरपर्यंत गेले. तिथं थांब्यावर एक म्हातारा एकटा उभा होता, अंगात ताप, हातात कापडी पिशवी, मेहकरला दवाखान्यात जायचं आणि एसटी केव्हाची चुकलेली. त्यानं हात वर केला. तो उलट्या दिशेला जाणारा, पण हात वर केलेला माणूस दिसला की भाऊंचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. गाडी थांबली. सीटा दोन आणि माणसं तीन. भाऊ काही बोलायच्या आत वहिनी दार उघडून उतरल्या होत्या.

"याइले घेऊन जा," त्या म्हणाल्या. "मी बसतो इथं लिंबाखाली."

म्हाताऱ्याचं दवाखान्यात कोणी नव्हतं. सलाईन संपेपर्यंत भाऊ त्याच्या उशाशी बसले. सुलतानपूरला परत आले तेव्हा दुपार कलली होती आणि लिंबाखाली कोणी नव्हतं. चहाच्या टपरीवाल्यानं डबा पुढे केला. बाई मेहकरच्या एसटीनं गेल्या, म्हणाला, आणि सांगून गेल्या की त्याइनं काही खाल्लं नसन, जेवू घाला. डब्यात अर्धी भाकरी, ठेचा आणि कांदा होता. भाऊंनी तो गाडीत बसून एकट्यानं खाल्ला. वाटेत भाऊंची गाडी आणि वहिनींची एसटी समोरासमोरून गेली असणार, पण कोणालाच कोणी दिसलं नव्हतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात वहिनींचे गुडघे गेले. आयुष्यभर जमिनीवर बसून पोरांना खाऊ घातलेलं, त्याचा हिशोब गुडघ्यांनी मागितला. डॉक्टरांनी खाली बसायला बंदी केली. घरात लाकडी खुर्ची आली, खाटेचे पाय विटांवर चढले. आणि एका रविवारी, नेमकं कोणीच आलं नाही. मीच तेवढा पेपर परत द्यायला गेलो होतो. भाऊंनी गाडी पुसली होती. वहिनी पातळ नेसून काठी टेकत आल्या. भाऊंनी दार उघडलं.

ती सीट किती खाली आहे, हे मला तोवर जाणवलंच नव्हतं. नडगीच्या उंचीला असेल. वहिनी तिच्याकडे पाहत राहिल्या. मग पाठमोऱ्या झाल्या, एका हातानं दार आणि दुसऱ्या हातानं भाऊंचा खांदा धरून त्यांनी खाली टेकायचा प्रयत्न केला. अर्ध्यातच थांबल्या. चेहरा पांढरा पडला. पुन्हा एकदा करून पाहिलं आणि सरळ उभ्या राहिल्या.

"मले बसवसान तुम्ही," त्या म्हणाल्या, "पण उठवन कोण? जाऊ द्या." आणि काठी टेकत घरात गेल्या.

भाऊ दाराची मूठ धरून उभे होते. मग अंगणाच्या पायरीवर बसले, ऑफिसच्या पायरीवर बसायचे तसेच, कमरेवर हात ठेवून.

"साऱ्या तालुक्याची हद्द कायम करून देल्ली, गजाभाऊ," ते म्हणाले. "इची जागा तेवढी मले दाखवता आली नाही. ते भरून गेली तरी मी पाहत राह्यलो."

मी म्हणालो, की यात माझाही वाटा आहे. चिखलीचं बोललो. त्यांनी मान हलवली. म्हणाले, मागणाऱ्याचं काय, देणाऱ्याला कळायला पाहिजे होतं. मला त्यांचं ते समजूत घालणं सहन झालं नाही. पेपर तिथंच ठेवून मी घरी आलो.

मला वाटलं, आता गाडी विकली जाणार. त्याच सुमारास नागपूरकडचा एक शौकीन तिला पाहायला आलाही होता. जुन्या गाड्या जमवणारा, गाडीशी लेकरासारखा बोलणारा. सगळं मूळचं आहे, सीटांचं चामडंसुद्धा, एक स्क्रू बदलू नका, मी पुन्हा येतो, असं बजावून गेला. तो गेल्यावर भाऊंनी घरात फीत काढली. वहिनी ज्या लाकडी खुर्चीवरून हात न टेकता उठतात, तिची जमिनीपासूनची उंची मोजली. दोनदा मोजली. आणि आकडा कागदावर लिहून रफिककडे गेले.

आमच्या ऑफिसची जुनी जीप तेव्हा लिलावात निघून रफिकच्या आवारात मोडीला आली होती. तिची पुढची, साहेबांची सीट भिंतीला टेकून पडलेली. जाड, स्प्रिंगची, वर रेक्झिन. भाऊंनी बोट दाखवलं. रफिकला ते पटलं नाही. आठ महिने हातानं घडवलेल्या गाडीत आता आपल्याच हातानं कानस आणि कटर घालायचा, आणि तोही जीपच्या सीटसाठी. "भाऊ, गाडीची शान जाईन," तो म्हणाला. "नागपूरवाला परत ढुंकून नाही पाहणार."

"रफिकभाई, शान कोणाले दाखवायची आहे?" भाऊ म्हणाले. "कटर लाव."

डावीकडची मूळची सीट निघाली, खाली लोखंडी चौकट बसली आणि तिच्यावर साहेबांची सीट. आता टप लागणार नव्हता, कारण माणूस बसल्यावर डोकं काचेच्याही वर जात होतं. रफिकनं काम केलं आणि पैशाचं विचारल्यावर नुसता हात हलवला. त्याचा राग गेलेला नव्हता, पण काम चोख होतं. मीही पाहून आलो. खरं सांगायचं तर गाडी विद्रूप दिसत होती.

पुढच्या रविवारी मला सुलतानपूरला साल्याच्या घरी वास्तुशांतीला जायचं होतं. मेहकरच्या बाहेर लोणारच्या फाट्यावर उभा होतो. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना हरभरा हिरवागार. एसटी येऊन गेलेली आणि दुसरीचा पत्ता नव्हता. उभं राहून कंटाळा आला होता, पिशवी जड झाली होती. तेवढ्यात तो घशात अडकल्यासारखा आवाज ऐकू आला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं माझा हात वर गेला.

आधी वहिनी दिसल्या. साहेबांच्या सीटवर ताठ बसलेल्या, काचेच्या वर खांद्यापर्यंत, कानाला रुमाल, मांडीवर डबा. त्यांच्या बगलेखाली तायडेभाऊंची गोल टोपी. वहिनींनी मला लांबूनच ओळखलं, त्यांना आता सगळं आधी दिसत होतं. त्यांनी वाकून भाऊंना काहीतरी सांगितलं. थांबा म्हणाल्या असणार, दुसरं काय म्हणतील त्या. गाडी जवळ आली. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. काळ्या चष्म्यातून डोळे दिसले नाहीत, पण त्यांनी मला पाहिलं, माझा वर केलेला हात पाहिला, आणि मान हलवली. नाही.

गाडी चाळीसच्याच वेगानं माझ्या समोरून गेली. वहिनींनी मागे वळून हात हलवला. भाऊंचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. माझा हात अजून वरच होता. तो मी खाली घेतला नाही, तसाच हलवत राहिलो, गाडी हरभऱ्यापलीकडे वळून दिसेनाशी होईपर्यंत.